मदत हवी आहे: मोडलेल्या फांदीवरची पोरपॅक्स आमरी (ऑर्किड) वाचवायची कशी?

नमस्कार मंडळी,

आंबोलीत आमच्या जागेच्या कडेला एक जुनं जांभूळ आहे. परवाच्या वाऱ्यापावसात त्याची मोठी फांदी मोडली. तिच्या वरच्या अंगाला शेवाळात पोरपॅक्स रेटिक्युलाटा आहे, निदान मला ती तीच वाटतेय. शर्टाच्या बटणासारखे चपटे हिरवे कंद, त्यांवर जाळीदार पापुद्रा, कंदातून निघालेली दोन पानं आणि त्यांच्या मधोमध एकच तांबूस-तपकिरी नळीसारखं फूल. फोटो जोडलाय, मोठा करून बघा. उन्हाळ्यात पानं झडून नुसते कंद उरतात, तेव्हा तर कुणी ढुंकूनही बघत नाही.

अडचण अशी, की फांदी आता खाली कारवीत पडलीय. वर उजेड आणि वारा होता, इथे गर्द सावली आणि चिखल. त्यात सरपणाला ती कधी उचलली जाईल याचा नेम नाही. शेजारचे काका म्हणाले, "बांडगूळच ना ते, जाऊ दे!" झाडाचा रस ती घेत नाही, मुळं फक्त सालीला धरून असतात, हे सांगून झालं. पटलं नसावं.

तर, कंद सोडवून घेऊ की साल-लाकडासकट तुकडा कापू? आमरीच्या धुळीएवढ्या बियांत अन्नसाठा नसतो, त्या बुरशीच्या आधारानेच रुजतात. ती बुरशी सालीत असणार, म्हणून साल सोलायचा धीर होत नाही. शिवाय बांधायचं तर माझी शिडी जुन्या जागेच्या निम्म्यापर्यंतच पोचते. तेवढी उंची चालेल? की पाऊस ओसरेपर्यंत थांबू?

कुंडी, कोकोपीट वगैरे सल्ले कृपया नकोत.

प्रतिसाद १
सालीसकटच कापा. आणि आत्ताच, पावसातच बांधा; मुळं याच दिवसांत वाढतात, नवी साल धरायला त्यांना वेळ मिळेल. सुतळी वापरा, ती यथावकाश कुजून जाते. नायलॉनची दोरी सालीत रुतते.

उंचीची फार काळजी नको, उजेड बघा. त्याच जांभळावर, आडव्या फांदीच्या वरच्या अंगाला, मूळ फांदीची दिशा होती तशीच. खोडाला उभं बांधलंत तर पाण्याचा लोट थेट अंगावर येईल.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. फक्त फोटोतली जागेची माहिती आधी काढा हो! आमऱ्या उपटून विकणारेही असे धागे वाचतात.