प्रतिसाद: रंग उडाला म्हणून घाबरू नका

वर विचारलंय की मायक्रोब्लेडिंगनंतर (बारीक ब्लेडने त्वचेत रंग भरून भुवयांच्या केसांसारख्या रेघा काढणं) आठ-दहा दिवसांत खपल्या पडल्या आणि भुवया जवळजवळ गायबच झाल्या, म्हणजे पैसे पाण्यात गेले का? बहुधा नाही. खपलीखाली येणारी नवी त्वचा सुरुवातीला धूसर असते, त्यामुळे रंग दबलेला दिसतो. तो चौथ्या आठवड्यापर्यंत हळूहळू वर येतो. म्हणूनच टचअप, म्हणजे उणा राहिलेला रंग पुन्हा भरणं, ६ ते ८ आठवड्यांनी करतात. त्याआधी पुन्हा ब्लेड चालवायला कोणी तयार असेल, तर तिथून निघा.

खपल्या मात्र नखाने काढू नका. खपलीबरोबर रंगही निघतो आणि रेघ मध्येच तुटते. साधारण दहा दिवस घाम, पोहणं, वाफ आणि भुवयांवर मेकअप बंद. मलम तांदळाच्या दाण्याएवढं पुरे. जाड थर दिला की खपली भिजून लवकर सुटते.

ज्यांचं अजून व्हायचंय त्यांच्यासाठी: त्वचा तेलकट असेल तर बारीक रेघा काही महिन्यांत पसरतात, तिथे मशिनने केलेलं पावडर शेडिंग (रेघांऐवजी बारीक ठिपक्यांनी भरलेला रंग) जास्त टिकतं. ब्लेड खोल गेलं तर रंग राखाडी-निळसर होतो, आणि ते टचअपने सुधारत नाही. रेटिनॉल (त्वचेच्या क्रीममधला अ जीवनसत्त्वाचा घटक) काही आठवडे आधीच थांबवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका. गरोदरपणात किंवा केलॉइड (जखमेच्या जागी वाढणारे जाड, उंच व्रण) होत असतील तर नकोच. आणि ब्लेडचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोरच फोडायला सांगा, यात संकोच कसला?