स्टुडिओ ट्रेनिंगमध्ये नाटक बसवतात की नाही?

विंगेतला_उंदीर: मंडळी, कॉलेजात एकांकिका केल्या, आता कलिन्याला मुंबई विद्यापीठात थिएटर आर्ट्सला ट्राय करायचा विचार आहे, पण सीनियर म्हणतो आधी कित्येक दिवस नुसतं चालणं, श्वास, आवाज असलंच चालतं. खरंय का? मग अ‍ॅक्टिंग कधी?

दादरकर_बॅकस्टेज: अरे तेच तर अ‍ॅक्टिंग! स्टुडिओ म्हणजे प्रयोगाची तारीख डोक्यावर नसलेली खोली. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीने १९१२ मध्ये मॉस्कोत 'फर्स्ट स्टुडिओ' काढला तो यासाठीच, की थिएटरच्या धबडग्यापासून लांब काहीतरी करून बघता यावं. आपल्याकडे स्पर्धेची तालीम म्हणजे ब्लॉकिंग (स्टेजवर कोण कधी कुठे उभं राहणार ते), लाइट, ब्लॅकआउट, संपलं.

तिसरीघंटा: अमेरिकन अ‍ॅक्टिंग टीचर माइस्नरचा रिपिटिशन, म्हणजे तेच वाक्य परत परत म्हणायचा एक्सरसाइज, केलायस का कधी? दोघं समोरासमोर बसतात, एक म्हणतो 'तू शर्ट चुरगळलायस', दुसरा म्हणतो 'मी शर्ट चुरगळलाय', परत तेच, परत तेच. सुरुवातीला जाम हसू येतं, मग कंटाळा, आणि मग अचानक समोरच्याला राग आला की वाक्य तेच राहून सूर बदलतो कारण तू खरंच ऐकायला लागलेला असतोस. एकांकिकावाल्यांना हेच जड जातं, आम्हाला टाळीची जागा आधी दिसते 😅

विंगेतला_उंदीर: पण सिरियलच्या ऑडिशनला कोण विचारणार हे?

दादरकर_बॅकस्टेज: विचारणार कोणीच नाही. पण तिथे संवादांची पानं आयत्या वेळी हातात पडतात, समोर क्यू (तुझ्या आधीचं वाक्य) द्यायला असिस्टंट सपाट आवाजात वाचत असतो, तेव्हा ऐकायची सवय असलेला तरतो. आणि हो, ट्रॅकपँट घे, जीन्समध्ये फ्लोअरवर्क, म्हणजे जमिनीवर बसून-लोळून करायचे व्यायाम, होत नाही.