निवांत शिखर आणि हवेची तयारी : तुमचे अनुभव लिहा

वर्दळीच्या वाटेवर हवा बिघडली तर उतरणारे लोक सांगतात, "वर जाऊ नका." आडवाटेच्या शिखरावर सांगणारं कुणी नसतं. म्हणून हा धागा. सामानाच्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात. काय बघून पुढे गेलात किंवा मागे फिरलात, ते लिहा.

सुरुवात मीच करतो. मोबाइलवरचा अंदाज बहुधा पायथ्याच्या वस्तीचा असतो. उंचीवर दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. खाली १८ असेल तर १२०० मीटर वर गेल्यावर १० धरायचे, आणि वाऱ्याचा हिशेब वेगळाच. शिखर बुटकं म्हणून गाफील राहू नका. अमेरिकेतला माउंट वॉशिंग्टन जेमतेम १९१७ मीटरचा, पण १९३४ साली तिथे ताशी ३७२ किमी वारा मोजला गेलाय.

पायवाट
माझा भरवसा घड्याळातल्या अल्टीमीटरवर. खिंडीत तंबू लावला तेव्हा उंची २१४० दाखवत होतं, पहाटे २१९५. तंबू तर जागच्या जागी! हे यंत्र हवेच्या दाबावरून उंची काढतं; दाब घसरला की त्याला वाटतं आपण वर चढलो. एवढ्या उंचीवर १० मीटरचा फरक म्हणजे साधारण एक हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक), म्हणजे रात्रीत पाच-साडेपाचने दाब उतरला होता. बाहेर मात्र आभाळ स्वच्छ, चांदण्या लखलखत होत्या. जोडीदार म्हणाला, "घड्याळाचे सेल गेले असतील." शेवटी तडजोड झाली : पहिल्या खांद्यापर्यंत जायचं आणि तिथे ठरवायचं. खांद्यावर पोचेपर्यंत पातळ, पांढुरके ढग पसरले, सूर्याला खळं पडलं आणि वाऱ्याने दिशा बदलली. तीन खुणा जुळल्या, मग वाद उरला नाही. पावसाने गाठलं तेव्हा आम्ही झाडीत उतरलो होतो. वर कड्यावर तो आडवा झोडपत होता.

सावकाश
थंडी बाधायला बर्फ लागत नाही. सात-आठ अंश, भुरभुर पाऊस आणि वारा एवढं पुरतं. आमच्यातला एक जण सुती टी-शर्टवर घामाघूम होऊन चढला आणि माथ्यावर फोटोंसाठी रेंगाळला. थोड्या वेळाने बघतो तर त्याला जाकिटाची चेन लावता येईना. तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, वर "मी ठीक आहे" हेही. ओलं सगळं काढलं, कोरडी लोकर, टोपी, त्यावर वाऱ्याला दाद न देणारं जाकीट, आणि थर्मासमधलं गरम गोड पाणी घोटघोट पाजलं. कुडकुडत होता तोवर मला धीर होता. कुडकुडणं थांबूनही माणूस गुंगीत राहिला तर प्रकरण गंभीर.
तेव्हापासून आमच्यात नियम : थांबलो की लगेच जाकीट, थंडी वाजायची वाट बघायची नाही. आणि घामाने भिजू नये म्हणून चढाई सुरू करताना किंचित गारठलेलंच असायचं.

कातळ
वीज. चमक आणि गडगडाट यांत तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला की आम्ही धार सोडतो, शिखर हाकेच्या अंतरावर असलं तरी. एकट्या झाडाखाली जायचं नाही, घोळक्याने बसायचं नाही.

उन्हाळी
सगळे पावसावरच लिहितायत! निरभ्र दिवसही त्रास देतो. हजार मीटरमागे अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि गार वाऱ्यात कातडी भाजल्याचं कळतही नाही.
वेळेचा अंदाज मी स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथच्या १८९२ च्या नियमाने काढते : पाच किमीला एक तास, अधिक दर ६०० मीटर चढाईला एक तास. त्यात विश्रांती, समोरचा वारा, ओला खडक काहीच धरलेलं नाही, म्हणून दीडपट करते. परत फिरायची वेळ घरी लिहून ठेवते. रेंज नसली तरी शोधणाऱ्यांना काहीतरी धागा मिळतो.

@पायवाट, माझं घड्याळ जीपीएसवरून उंची आपोआप जुळवून घेतं, त्यामुळे असा फरक कधी दिसला नाही. ते बंद करता येतं का?

पायवाट
बऱ्याच घड्याळांत येतं. सेटिंगमध्ये ऑटो कॅलिब्रेशन शोधा. मुक्कामाला पोचलात की बंद करा, सकाळी निघताना पुन्हा चालू.