यंत्र नव्हे, रीत अवघड

भूतकाळातला माणूस आजच्या काळात येतो, अशा टीव्ही मालिका असतात. तो मोबाईल-मोटारी बघून गांगरतो, तीच त्यांची खरी गंमत, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. यंत्रं माणूस आठ दिवसांत शिकतो, अंगात मुरलेली रीत मात्र सहजी सुटत नाही. बीबीसीच्या १९६६ च्या ‘अ‍ॅडम अ‍ॅडमंट लिव्ह्ज!’चा नायक १९०२ साली गोठवलेला. साठच्या दशकातल्या लंडनमध्ये तो गोत्यात येतो ते बायकांवर संशय घ्यायचा नाही या जुन्या सभ्यतेपायी. नॉर्वेच्या ‘बीफॉरेनर्स’मध्ये (२०१९) तर अश्मयुग, व्हायकिंग काळ आणि एकोणिसावं शतक, तिन्हीकडची माणसं आजच्या ऑस्लोत येतात. व्हायकिंग पात्रं आपसात जुन्या नॉर्स भाषेत बोलतात. त्यातली एक लढवय्यी पोलिसात भरती होते. तिचा वावर बघताना मला सारखी आमची आजी आठवत होती.

आजी इंदूरला रामबागेत राहायची. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी व्हिडिओ कॉल शिकली, तोही चार दिवसांत. पण ग्वाल्हेरहून मोठ्या दिरांचा फोन आला की आधी चष्मा पुसायची, डोक्यावरून पदर घ्यायची आणि मगच ते हिरवं बटण. तोवर कधी कधी रिंग वाजून बंदही व्हायची. ‘अगं आजी, उचल ना!’ म्हटलं तर म्हणायची, ‘समोर भावजी आहेत, अशी कशी बसू?’ तिच्या लेखी ते पडद्यावर नव्हतेच, दारात उभे होते. लेखकांनी असे प्रसंग लिहायला हवेत.