पाच जण, पाच वेगळी वाद्यं: बाखच्या आधीचं संगीत कुठे शोधायचं?

वसईचा_व्हायोलिन
नमस्कार मंडळी. आम्ही वसईत पाच जण दर रविवारी दुपारी वाजवायला बसतो, प्रोफेशनल कोणीच नाही. मी व्हायोलिन, एक टेनर रेकॉर्डर (उभी लाकडी बासरी), एक चेलो, एक गिटार आणि बी फ्लॅट क्लॅरनेटवर आमचे काका, ज्यांनी आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये वाजवलंय. चर्चची गाणी बरीच वाजवून झाली, आता रेनेसान्स काळातलं, म्हणजे साधारण पंधराव्या-सोळाव्या शतकातलं वाजवायची फार इच्छा आहे. पण नेटवर शोधलं की एकतर चार रेकॉर्डरसाठी मिळतं नाहीतर स्ट्रिंग क्वार्टेटसाठी, आमच्या कॉम्बिनेशनचं काहीच सापडत नाही. मागच्या रविवारी एक पान प्रिंट काढून बसलो तर मी डी वाजवला आणि काकांच्या क्लॅरनेटमधून सी आला, कागदावर दोघांना नोट एकच! काका इतके हिरमुसले की वाद्य पुसून पेटीत ठेवून दिलं. मार्ग सांगा.

जुने_सूर
दादा, आधी एक करा, तुमच्या कॉम्बिनेशनसाठी लिहिलेलं शोधणं थांबवा. त्या काळात बरंचसं संगीत अमुक वाद्यासाठी म्हणून लिहिलेलंच नसायचं. अँटवर्पच्या टिलमन सुसाटोने 1551 मध्ये नाचांचं पुस्तक छापलं, त्याच्या मुखपृष्ठावरच लिहिलंय की हे सगळ्या वाद्यांवर वाजवायला योग्य आहे. म्हणजे ते तुमच्यासाठीच आहे! आयएमएसएलपी या जुन्या नोटेशनच्या साइटवर फुकट मिळेल. तिथेच मिखाएल प्रेटोरियसचा 1612 चा 'टर्प्सिकोरे' बघा, तीनशेच्या वर नाच आहेत, चार ते सहा पार्टचे (पार्ट म्हणजे एकत्र वाजणाऱ्या वेगवेगळ्या ओळी). अँथनी होलबोर्नचा 1599 चा संग्रह तर पाच पार्टचाच आहे, पण तो थोडा अवघड, सहा महिन्यांनी घ्या.

वाटणी रेंज बघून करायची. टेनर रेकॉर्डर मिडल सीच्या खाली जात नाही आणि दुसरा पार्ट बऱ्याचदा जातो, म्हणून वरचा पार्ट रेकॉर्डरला द्या आणि दुसरा तुम्ही घ्या, व्हायोलिन खालच्या जीपर्यंत उतरतं. तिसरा क्लॅरनेटला, बेस चेलोला. क्लॅरनेट मिडल सीच्या खालच्या डीपर्यंत जातं, त्याखाली एखादा सी आलाच तर तो गिटारने उचलावा. आणि टेनर रेकॉर्डर खालच्या सुरांत अगदी बारीक ऐकू येतो, त्यामुळे बाकीच्यांनी दबून वाजवायचं.

डबलबार
काकांची काहीच चूक नाही हो, त्यांना सांगा. बी फ्लॅट क्लॅरनेट लिहिलेल्या सुरापेक्षा एक पूर्ण टोन खाली वाजतं. म्यूझस्कोअर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात स्कोअर (सगळ्या पार्टची एकत्र प्रत) उघडून त्या ओळीचं वाद्य क्लॅरनेट केलं की पार्ट आपोआप एक टोन वर लिहून येतो, जी मेजर असेल तर काकांना ए मेजर दिसेल. गिटारवाल्याला बेसची ओळ देऊन चेलोबरोबर वाजवायला सांगा, नुसते कॉर्ड झोडपले तर आतले पार्ट बुडतात.

उट्रेख्तहून
मी इकडे एका हौशी ग्रुपमध्ये वाजवते, आम्हीही असेच विजोड. माझा अनुभव असा की गाण्यांचे पार्ट नाचांपेक्षा सोपे पडतात, कारण ते गळ्याच्या रेंजमध्ये असतात. सीपीडीएल ही समूहगीतांच्या नोटेशनची फुकट साइट 1998 पासून आहे, तिथे क्लोदां द सर्मिसीचं 'तां क विव्रे' हे फ्रेंच गाणं शोधा, चार पार्टचं आहे. पीडीएफबरोबर बऱ्याचदा म्यूझस्कोअरमध्ये उघडणारी फाइलही असते, ती घ्या म्हणजे टाइप करायचे कष्ट वाचतील. आणि नोटच्या डोक्यावर बारीक शार्प-फ्लॅट दिसले तर ते संपादकाने सुचवलेले असतात, मूळ छापात नसतात. ते घ्यायचे की नाही हे वाजवायच्या आधी सगळ्यांनी मिळून ठरवा, नाहीतर एक जण एफ आणि दुसरा एफ शार्प लावतो आणि चूक कोणाची ते कळतच नाही.

अगदी पहिल्यांदा मात्र आर्बोच्या 1589 च्या नाचांवरच्या पुस्तकातली 'बेल की तिएं मा वी' घ्या, पावान म्हणजे एक जुना संथ नाच आहे, आणि ढोलाचा ठेकासुद्धा दिलाय, एक लांब, दोन आखूड.

वसईचा_व्हायोलिन
सगळ्यांचे खूप खूप आभार! काल तीच पावान घेतली. काकांचा पार्ट म्यूझस्कोअरमधून काढून मोठ्या अक्षरात प्रिंट केला. दुसरा पार्ट मी आयुष्यात पहिल्यांदा वाजवला, वरची चाल दुसऱ्याकडे आणि आपण मध्ये, बाजूला काकांचा क्लॅरनेट इतका हळू की श्वास ऐकू येत होता. गिटारवाल्याच्या मुलीने टेबलावर ठेका धरला, लांब-आखूड-आखूड. सात वेळा वाजवली. काकांनी पार्ट घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं की पुढच्या रविवारी काय. सुसाटो डाउनलोड केलाय, त्यातला कुठला आधी घेऊ?

जुने_सूर
त्यातले 'रोंड' नावाचे नाच घ्या, छोटे आहेत. 'ला मुरिस्क' त्यानंतर.