सगळ्यांना दिसतं ते पोलिसांनी बघितलं तर बिघडलं कुठे?

साखळीवरून:
वादाला तोंड फोडतोय, शिव्या बेताने घाला. इथे गोव्यात आमच्या गावामागे डोंगर कापायला घेतलाय, फेसबुकवर कुणीतरी फोटो टाकला, त्याखाली माझ्या चुलत भावाने लिहिलं "रविवारी सगळे जमूया, बघू कोण कापतो ते". बस, एवढंच. शुक्रवारी आउटपोस्टवरून बोलावणं. अटक नाही, दमदाटी नाही, चहासुद्धा पाजला. पण टेबलावर तीन पानं, स्टेपल मारलेली. पहिल्यावर कमेंट, दुसऱ्यावर २०१९ च्या दूधसागर पिकनिकचा फोटो, सोबतच्या पोरांच्या डोक्याभोवती पेनने गोल केलेले. तिसऱ्यावर वहिनीच्या शिलाईच्या पेजचा स्क्रीनशॉट, मोबाइल नंबरसकट. तिचा काय संबंध? याला म्हणे ओसिंट म्हणतात, ओपन सोर्स इंटेलिजन्स, म्हणजे उघड्यावरची माहिती वेचून जोडणं. बघा ना हवं तर, पण फाइल कशाला करता? आमच्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला पण कळतं कुणी आज पाव जास्त घेतले, कुणाकडे पाहुणे आलेत, कोण गावात नाही. तो काय वहीत लिहून ठेवत नाही.

फोंडा_फास्ट:
पोदेर वही ठेवतो पात्रांव, उधारीची! आणि चव्हाट्यावर बोललं की चार कान ऐकणारच, त्यातला एक पोलिसाचा असला तर रडायचं कशाला. किनाऱ्यावर गाडी घालून वाळू उडवणारे टुरिस्ट स्वतःच रील टाकतात, नंबरप्लेट दिसते, पोलीस त्यावरूनच धरतात, तेव्हा आपण सगळेच टाळ्या वाजवतो. २०१४ मध्ये युक्रेनवर ते मलेशियाचं विमान पाडलं, २९८ माणसं गेली, मिसाइलची गाडी कुठून कुठे गेली ते बेलिंगकॅट नावाच्या शोधपत्रकारांच्या गटाने लोकांनी टाकलेल्या फोटो-व्हिडिओंवरून जुळवलं. ते चांगलं आणि आपला हवालदार तेच करतो तेव्हा वाईट?

वकीलबाय_म्हापसा:
बेलिंगकॅट कुणाला आउटपोस्टवर बोलावत नाही, फरक तिथे आहे. तुमचा फोन टॅप करायचा तर गृहसचिवाचा लेखी आदेश लागतो, वर आढावा समिती असते, कागदावर तरी असते. उघड्या पोस्टींसाठी काहीच नाही. २०२३ चा डेटा कायदा तर सरळ सांगतो की माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागूच नाही. मग उरतो २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, नऊ न्यायाधीशांचा, की खासगीपणा मूलभूत हक्क आहे आणि सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, कारण हवं, आणि माशी मारायला तोफ नको. २०१८ मध्ये केंद्राने सोशल मीडियावर नजर ठेवायचा हब काढायला घेतला होता, सुप्रीम कोर्टाने कान टोचल्यावर गुपचूप मागे घेतला. इंग्लंडमध्ये एकाच माणसाचं उघडं प्रोफाइल पोलीस पुन्हा पुन्हा चाळत असतील तर ती पाळत धरून आधी परवानगी घ्यावी लागू शकते, त्यांच्या नियमावलीतच आहे. म्हणजे जमतं, करायचं असेल तर.

जुना_हवालदार:
मी रिटायर्ड, दोन्ही बाजूंना थोडं थोडं. एकदा घरातून रागाने गेलेली मुलगी आम्हाला मिळाली ती तिच्याच सेल्फीवरून, मागे कदंबाची सरकारी बस उभी, बोर्ड अर्धा वाचता येत होता, वेळ जुळवली, स्टँडवर माणूस पाठवला. वॉरंट-बिरंट शोधत बसलो असतो तर ती रात्रीच्या गाडीने राज्याबाहेर. पण हल्लीची पोरं स्क्रीनशॉट म्हणजेच तपास समजतात. बोस्टनला २०१३ मध्ये बॉम्ब फुटले तेव्हा नेटवरच्या हुशार लोकांनी फोटो जुळवून भलत्याच विद्यार्थ्याला अतिरेकी ठरवलं, तो बिचारा आधीच मेलेला निघाला. फोटोने दिशा मिळते, माणूस नाही मिळत. आणि ते डोक्याभोवती पेनने गोल करणं, ते मला अजिबात आवडलं नाही.

वकीलबाय_म्हापसा:
@जुना_हवालदार कोर्टात तर स्क्रीनशॉट नुसता टिकतही नाही. आधी जुन्या पुरावा कायद्याचं ६५ब होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला सर्टिफिकेट लागतं. २०२० मध्ये खोतकर-गोरंट्यालच्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते पक्कंच केलं. पण साखळीवाल्यांची ती तीन पानं कोर्टासाठी नव्हतीच. ती फक्त दाखवायला होती.

फोंडा_फास्ट:
बरं, आता साखळीवाल्याला एक विचारतो. तू स्वतः गूगल अर्थवर वर्षं मागे सरकवून कुठला डोंगर कधी कापला ते दाखवतोस, एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपला गोव्याचा सातबारा, काढून मालकाचं नाव ग्रुपवर टाकतोस. तेही ओसिंटच की. उताऱ्यावरच्या माणसाला पण वहिनी असेल.

साखळीवरून:
हे मात्र लागलं. नाव टाकलं होतं मी, खरंय, त्यांच्या मुलीचं नाव पण उताऱ्यावर होतं ते मी झाकलं नाही. तरी सांगतो, माझ्या स्क्रीनशॉटमुळे त्या भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, झोप गेली असेल असं वाटत नाही, जेसीबी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परत चालू.

जुना_हवालदार:
आमच्या वेळी कुणाच्या दारात गेलो तरी स्टेशन डायरीत नोंद पडायची, वेळ, कारण, कोण गेला. प्रोफाइल उघडलं की तशीच एक ओळ लिहा. जास्त काही नको.

फोंडा_फास्ट:
आणि ती डायरी पण कुणीतरी वाचणारच, मग तिचीही फाइल. शिवाय स्टेशनात माणसं किती असतात ते तुम्हालाच माहीत. तुझा भाऊ सुखरूप घरी आला ना रे? मग?

साखळीवरून:
आला. कमेंट डिलीट केली, वहिनीने पेज बंद केलं, आता ऑर्डरी फोनवर घेते. रविवारी डोंगराकडे आम्ही चौघेच होतो. ग्रुपमध्ये दोनशे आहेत.

फोंडा_फास्ट:
रविवारी पाऊस पण होता रे.