उत्तर: सगळे मर्फी एकाच घराण्यातले का?

वर विचारलंय की मर्फी या आयरिश आडनावाचे सगळे लोक मुळात एकाच कुळातले का. नाही. मर्फी आलं मुरखाद या जुन्या आयरिश व्यक्तिनामावरून, अर्थ 'समुद्रावरचा लढवय्या'. या नावाचे पूर्वज वेगवेगळ्या भागांत होऊन गेले, त्यामुळे आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या वेक्सफर्ड आणि कॉर्क परगण्यांतले आणि उत्तरेला टिरोनचे मर्फी यांचा रक्ताचा संबंध असेलच असं नाही. त्यातही दक्षिणेतले नावाआधी 'ओ' लावणारे, म्हणजे मुरखादचे वंशज, तर टिरोनचे 'मॅक' लावणारे, म्हणजे मुरखादचे पुत्र. इंग्रजांच्या दप्तरात सगळ्यांचं सरसकट मर्फी झालं. आपल्याकडचे दोन गावांचे पाटील भाऊबंद नसतात, तसंच काहीसं.

प्रसाराचं म्हणाल तर १८९०च्या जन्मनोंदींवरून काढलेल्या अंदाजात मर्फी आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होते, सुमारे ६२,६०० माणसं, 'केली' आडनावाचे त्यांच्यामागे. आजही हेच सर्वाधिक आढळणारं आडनाव मानतात.

गंमत म्हणजे ओब्रायन, ओकॉनर मंडळींनी गळालेला 'ओ' पुढे परत लावला, मर्फींनी मात्र इंग्रजीत तो फारसा मनावर घेतलाच नाही. आयरिशमध्ये लिहिताना तेवढे 'ओ मुरखू' होतात.

आणि हो, आपल्या आजोबांचा मर्फी रेडिओ आयरिश नव्हे. १९२९ साली फ्रँक मर्फी यांनी इंग्लंडमध्ये भागीदारीत काढलेली ती कंपनी.